पाणी घाल, बाय

क्षमा हा शब्द मी लहानपणापासून देवळात ऐकत आले. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला, संध्याकाळच्या जपमाळेला, उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती करताना, सगळीकडे तो असायचाच. पापं लहानसहान होती तोवर मला तो सोपा वाटे. खोटं बोलले, कुणाच्या वाडीतले पेरू तोडले, शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखून पाहिला. मग पापनिवेदन केलं, पाद्रीबाबांनी सांगितलेली प्रार्थना म्हटली आणि मोकळी झाले. पण पुढे माझ्या हातून एक गोष्ट अशी घडली की तोच शब्द मला बोचू लागला. देव क्षमा करतो हे मला मान्य होतं. मला करील, हे मान्य होत नव्हतं. ती गाठ कशी सुटली ते लिहून ठेव, असं घरातली मुलं कधीची म्हणताहेत. मी चर्चच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई. जमेल तसं लिहिते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मात्र सगळ्यांना कळेल अशा भाषेत मांडते आहे.

मी सुईण. हे काम मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. आमचं गाव निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, सगळीकडे केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या. त्या काळी बाळंतपणं घरातच होत. फारच अडलं तर बैलगाडीत घालून वसईच्या दवाखान्यात न्यायचं, आणि गाडी पोहोचेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. सासूबाई गेल्यावर आळीतल्या बायका मला बोलवू लागल्या. आम्हा ख्रिस्तांवांच्या घरी जाई तशी मी हिंदू वाडवळांच्याही घरी जाई. एखादं मूल जगण्याची आशा नसेल तर पाद्रीबाबा येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच्या डोक्यावर पाणी घालून सुइणीनेच बाप्तिस्मा द्यायचा, हेही मला आमच्या फादरांनी नीट शिकवून ठेवलं होतं. दोन-तीनदा ती वेळ आलीही होती.

मला स्वतःला मूल झालं नाही. लग्नाला बारा-चौदा वर्षं झाली होती. माझे यजमान शांत स्वभावाचे. त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाईंनीही नाही. बायकांच्या घोळक्यात कुणी विषय काढलाच तर मी हसून दुसरीकडे बघे. दुसऱ्यांची मुलं आधी माझ्या हातात येतात, मग आईच्या, असं म्हणून मी माझी समजूत घालत असे. ती समजूत किती पातळ होती ते मला नंतर कळलं.

धाकट्या दिराचं, पास्कूचं लग्न झालं आणि कतरीन घरात आली. हसरी, कामाला वाघीण, तोंडाने जरा फटकळ. माझ्याहून बरीच लहान. मला ती 'बाय' म्हणे. सासूबाई गेल्यावर दोन्ही भाऊ वेगळे राहू लागले, पण अंगण एकच होतं, मध्ये फक्त केळींची एक रांग आणि करवंदीचं कुंपण. सकाळी ती तिच्या ओट्यावरून हाक मारी, मी माझ्या. तिच्या घरी कालवण झालं की वाटी माझ्याकडे येई. मला ती धाकट्या बहिणीसारखी होती, असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

कतरीनला पहिल्यांदा दिवस गेले त्या सुमारास आळीत एक लग्न होतं. आम्ही पुष्कळ बायका मांडवात तांदूळ निवडत बसलो होतो. कुणीतरी कतरीनला म्हणालं, "तुला कसली काळजी, सुईण तर घरातच आहे." कतरीन हसता हसता बोलून गेली, "नको बाई. जिची कूस उजवली नाही तिचा हात माझ्या पोराला नको." बायका हसल्या. मीही हसले असेन. मग सुपातले तांदूळ मला दिसेनासे झाले. ती मुद्दाम बोलली नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते माझ्या वर्मी बसलं, आणि मी ते तसंच आत ठेवून दिलं. तिने दुसऱ्या दिवशी हाक मारली, मी ओ दिली नाही. चार-पाच दिवसांनी तिनेही हाका मारणं सोडलं. तिचं पोट वाढत होतं, मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते, आणि माझा राग त्या पोटाबरोबर वाढत होता.

तिचे दिवस भरले त्या सकाळी माझे यजमान केळीचे घड घेऊन वसईला गेले होते. मी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. पास्कू कुंपण ओलांडून आला.

"वहिनी, चल. कतरीनला कळा सुरू झाल्यात."

मी शेंग सोलत राहिले. "तिला माझा हात नकोय," मी म्हटलं. "तिनेच सांगितलंय. चार बायकांत."

"वहिनी, ती काहीतरी बोलून गेली असेल. मी तुझ्या पाया पडतो."

"मग दुसरी कुणी बघ."

तो पळत गेला. गावात आणखी एक म्हातारी सुईण होती, डोळ्यांनी अधू झालेली. तिला तो घेऊन आला. त्या बिचारीला मी दोष देत नाही. तिने तिच्या परीने केलं. मला माझ्या पडवीतून सगळं ऐकू येत होतं. बाळंतिणीचं ओरडणं सुइणीला कळतं. दुपारच्या आत कतरीनच्या आवाजाची जात बदलली आणि मी ओळखलं की मूल पायाळू आहे, पाय आधी येताहेत. असं मूल ओढायचं नसतं. सासूबाईंनी मला हे पुन्हा पुन्हा शिकवलं होतं. ओढलं की हात वर जातात, मान अडकते. हात आवरून थांबायचं, त्याच्या वजनाने त्याला खाली येऊ द्यायचं, आणि अगदी शेवटी आधार द्यायचा. हे सगळं मला माहीत होतं आणि मी शेंगा सोलत होते. एकदा उठले. कुंपणापर्यंत गेले. करवंदीच्या काट्यांत माझा पदर अडकला, तो मी सोडवला, आणि परत येऊन बसले. त्या परत येण्याचा जाब मला कधी तरी द्यावा लागणार हे मला तिथे उभं असतानाच माहीत होतं.

मुलगा झाला. त्याने थोडेसे श्वास घेतले आणि तो गेला. घरातले सगळे कतरीनच्या मागे धावत होते. त्याला पाणी घालायचं कुणाला सुचलंच नाही. मी असते तर सुचलं असतं. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. त्या काळी तसंच होतं. संध्याकाळी यजमान वसईहून आले, त्यांनी पास्कूबरोबर वाडीच्या कोपऱ्यात, उंडीच्या झाडाखाली खड्डा खणला. घरी आल्यावर हातपाय धुऊन ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मी तुला काही विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग." मला वाटलं, यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझे हात कापू लागले. कुणी बोलवायला आलं की मी हात पुढे करून दाखवी, "बघा, हे असं झालंय, मला जमायचं नाही." लोकांना खरं वाटे, कारण ते खरंच होतं. भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना हात थरथरत. उपवासकाळात मी धीर करून पापनिवेदनाला गेले. आमचे फादर म्हातारे होते, कानाने थोडे कमी ऐकत, त्यामुळे मला ते पाप मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "बाळाला देवाच्या दयेवर सोपव. देवाची दया आपल्या तांब्यातल्या पाण्याएवढीच असते असं समजू नकोस. आणि जमेल तेव्हा कतरीनकडे जा."

"मला नाही जमायचं, फादर."

"जमेल तेव्हा म्हटलं मी," ते म्हणाले, आणि लॅटिनमधले क्षमेचे शब्द म्हणून त्यांनी माझ्यावर क्रूसाची खूण केली.

क्षमा मिळाली हे मला कळत होतं, पण ती माझ्या अंगी लागत नव्हती. मी मिस्साला मागच्या खांबाजवळ बसे. सगळे ख्रिस्तशरीर, म्हणजे फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर, घ्यायला पुढे गेले की मी मान खाली घालून तिथेच राही. शुक्रवारी कडक उपास करी. भर उन्हात अनवाणी देवळात जाई, तिथल्या खडीवर गुडघे टेकून जपमाळ म्हणे. गुडघे सोलवटून निघत आणि मला बरं वाटे, की आज काहीतरी फेडलं. दुसऱ्या दिवशी सगळं तिथल्या तिथेच. कतरीन अंगणात दिसे. ती माझ्याकडे बघत नसे, मीही बघत नसे. तिच्याकडे जाऊन दोन शब्द बोलण्यापेक्षा खडीवर गुडघे टेकणं मला सोपं जात होतं, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

अशी काही वर्षं गेली. देशाला स्वातंत्र्य मिळालं, गावात झेंडे लागले, पोरं मिरवणुकीत ओरडली; माझ्या डोळ्यांपुढून ते सगळं दुसऱ्या कुणाचं असावं तसं निघून गेलं. पुढे एका वर्षी, दिवाळीनंतर निर्मळची जत्रा भरली होती. जत्रेच्या दिवसांत आमच्या रस्त्यावरून लांबलांबच्या गाड्या जात. आळीतले लोक येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला पाण्याचे हंडे भरून ठेवत, आणि त्या वर्षी हंडे भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. तेही फेडीचंच होतं म्हणा.

सकाळी एक बैलगाडी माझ्यासमोर थांबली. भातशेती करणारी माणसं होती, लुगड्याच्या नेसण्यावरून पूर्वेकडच्या खेड्यातली वाटत होती. गाडीतून एक म्हातारी उतरली.

"बाय, इथं कुठं आडोसा हाय का?" तिने विचारलं. "सुनंला कळा आल्यात माज्या. दिस भरले नव्हते. गाडीच्या धक्क्यानं झालं असंल."

मी त्यांना घरात घेतलं. मनाशी ठरवलं होतं, जागा द्यायची, पाणी तापवून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. म्हातारीने विचारलं, "गावात सुईन कोन हाय?" मी चुलीकडे वळले. चुलीवर पाणी ठेवून आत आले तर त्या पोरीने माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. सोळा-सतरा वर्षांची असेल. तिने तो सोडलाच नाही. मी खाली बसले, आणि बसल्यावर माझ्या हातांना जे माहीत होतं ते ते करू लागले. बाळंतपण सोपं झालं. मुलगी झाली, रडतच आली. नाळ बांधून झाल्यावर माझं हातांकडे लक्ष गेलं, तर ते कापत नव्हते.

मी बाळाला पुसून म्हातारीकडे द्यायला गेले. तिने हात पुढे केले आणि सहज विचारलं, "तुला पोरं किती?"

मी म्हटलं, "नाहीत."

आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, बाईला मूल नाही असं कळल्यावर लोक बाळाला जरा लपवतात. मी ते बघत आले होते. मी बाळ पटकन पुढे केलं, म्हणजे ती हिसकावून घेते आहे असं बघायला लागू नये. म्हातारीने हात मागे घेतले.

"मंग ऱ्हाऊ दे तुज्याजवळ," ती म्हणाली. "पयलं तू घे मांडीवर. आमाला काय, जल्मभर घ्यायचंच हाय."

आणि ती चुलीजवळ जाऊन माझ्याकडे मशेरीला तंबाखू मागू लागली.

मी ते बाळ मांडीवर घेऊन बसले. किती वेळ बसले कोण जाणे. मांडवात तांदूळ निवडताना आत ठेवून दिलेलं ते वाक्य, ज्याच्यामुळे एक बाळ गेलं, ते माझ्या आतून निघून जात होतं आणि मला त्यासाठी काहीही करावं लागत नव्हतं. मी केलेल्या उपासांचा, सोलवटलेल्या गुडघ्यांचा त्यात काहीच भाग नव्हता. मी क्षमा ओढून आणायला निघाले होते आणि कृपा माझ्या घरात बैलगाडीतून उतरून आली. दोन दिवसांनी ती माणसं निघून गेली. जाताना म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. ती कुठली, तिचं नाव काय, मी विचारलं नाही, आणि ती पुन्हा कधी दिसली नाही. काही जणी मला म्हणतात, ती पवित्र मारियाच असणार. मला ते सांगता येत नाही. ती मशेरी लावणारी, बैलांवर खेकसणारी म्हातारी होती. देवाने तिला पाठवलं एवढं मात्र मी मानते.

नव्या बाळाचा आवाज माझ्या घरातून दोन दिवस अंगणात जात होता. तो कतरीनने ऐकला. तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा-सहावा महिना असेल. ती तिच्या ओट्यावर येऊन उभी राहिली होती, हे मला नंतर यजमानांनी सांगितलं. मला वाटलं, आता तरी जावं. रोज उद्यावर टाकत गेले. त्यांनी वसईच्या दवाखान्यात जायचं ठरवल्याचं कानावर आलं आणि मी जरा सुटल्यासारखी झाले. माझी भीती अशी होती.

होळीच्या आधीचे दिवस. दुपारची वेळ, पास्कू लांबच्या वाडीत पाणी लावायला गेला होता. मी पडवीत होते. केळींच्या रांगेतून कतरीन येताना दिसली. एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्या हाताने झाडांचा आधार घेत. कुंपणाच्या फटीतून ती तिरकी होऊन आली, माझ्या ओट्याच्या पायरीवर बसली आणि धापा टाकत म्हणाली, "बाय, मला आत घे."

यजमान घरात होते. ते गाडी जुंपायला आणि पास्कूला आणायला धावले. मी कतरीनला धरून आत नेलं, बाजेवर निजवलं.

"कतरीन, मी तेव्हा..."

"ते मागाहून," ती म्हणाली. "आधी हे बघ. महिनाभर लाथा खालीच मारतंय. मागच्यासारखंच आहे ना?"

मी पोटावर हात ठेवला. मागच्यासारखंच होतं. गाडीने वसईला पोहोचण्याइतका वेळ उरला नव्हता. आणि माझे हात पुन्हा कापायला लागले होते, त्या पोरीच्या वेळी कापले नव्हते ते आता इतके की तिलाही जाणवले.

"माझे हात कापतात गं," मी म्हटलं.

तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि परत पोटावर ठेवले. "कापू देत. मागच्या वेळी ते नव्हते. कापणारे असले तरी मला चालतील."

त्यानंतर मी रडले नाही, प्रार्थनाही मोठी केली नाही. फक्त म्हटलं, देवा, आता तूच बघ. पाय आले. माझा सगळा जीव म्हणत होता, ओढ, लवकर बाहेर काढ, हे तरी वाचव. मी हात गुडघ्यांवर ठेवले आणि थांबले. आयुष्यात मला कुठलीच गोष्ट इतकी जड गेली नाही. कतरीन माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. "थांब," मी म्हणत होते, "जोर नको देऊ, थांब," आणि ती थांबत होती. मला जिने एकदा नाकारलं आणि मी जिला नाकारलं ती माझ्या एकेका शब्दावर स्वतःला सोडून देत होती. हळूहळू बाळ खाली आलं. हात मोकळे झाले. मग मी त्याला माझ्या हातावर घेतलं आणि डोकं सुटलं.

मुलगी होती. निळसर, मऊ, आवाज नाही. मी तिला पालथी धरून पाठीवर थापटलं, तोंडात बोट घालून घसा साफ केला. काही नाही. कतरीन कोपरावर उठली. उशाशी पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता, तो तिने माझ्याकडे ढकलला.

"पाणी घाल, बाय."

मी तांब्या घेतला. "नाव?" मी विचारलं.

तिने माझं नाव घेतलं. मला वाटलं मला हाक मारते आहे. इतक्या वर्षांत तिने मला नावाने कधी हाक मारली नव्हती. "काय?" मी म्हटलं.

"नाव विचारलंस ना? तेच."

मी त्या लहानशा डोक्यावर पाणी ओतलं, माझं स्वतःचं नाव घेतलं आणि म्हटलं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. तिसऱ्या धारेला ती शहारली. तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. गार पाण्याच्या धक्क्याने मूल श्वास ओढतं, हे सुईण म्हणून मला ठाऊक आहे. ते तसंच झालं असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की मी माझ्या नावाने तिला पाणी घातलं, आणि ती जिवंत झाली.

पास्कू आला तेव्हा आम्ही दोघी बाळाला मध्ये घेऊन बाजेवर बसलो होतो. तो दारातच भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. यजमानांनी चहा केला. त्यांना चहा करता येत नसे, तो इतका गोड झाला होता की कतरीन हसली आणि "भावजी, एवढा गूळ घालायचा असतो होय?" म्हणाली. त्या हसण्याने आमचं घर पुन्हा पूर्वीसारखं झालं असं मला वाटलं.

बोलणं दोन दिवसांनी झालं. मी तिला शेक देत होते. मी म्हटलं, "कतरीन, मला माफ कर."

ती म्हणाली, "माफी मागू नकोस. तू मागितलीस तर मलाही मागावी लागेल. मांडवात बोलले त्याची." मग म्हणाली, "ते बाळ गेलं त्या रात्रीपासून मला ते माहीत होतं, बाय. माझ्या तोंडाने मी तुझे पाय बांधले. मला तुझ्याकडे यायचं होतं, पण तू मला घरात घेशील असं वाटत नव्हतं. जत्रेतल्या त्या बाईला तू घेतलंस तेव्हा म्हटलं, मलाही घेशील."

इतकी वर्षं मी समजत होते की मी एकटीच कुंपणाच्या अलीकडे तडफडते आहे.

"त्याला पाणी मिळालं नाही," मी म्हटलं.

तिने बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "त्याला मी उराशी धरलं होतं. त्याचा श्वास चालू होता तोवर मी त्याच्यावर रडत होते. त्याचं डोकं भिजलं होतं सगळं. देवाला ते पाणी चालत नसेल असं मला वाटत नाही."

हे मी पुढे आमच्या म्हाताऱ्या फादरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या बाहीने पुसला आणि परत घातला.

घाईत दिलेल्या बाप्तिस्म्याचा उरलेला विधी देवळात करायचा असतो. तो पुढच्या रविवारी ठरला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाळंतीण चाळीस दिवस घरीच राहायची, म्हणून बाळाला धर्ममातेने न्यायचं. ती मीच होते. कतरीनने कुणाला विचारलंच नाही. सकाळी मी नवं लाल लुगडं नेसून बाळ घ्यायला गेले. कतरीनने दुपट्याची टोकं सारखी केली आणि मला म्हणाली, "उपाशी आहेस ना?"

तेव्हा ख्रिस्तशरीर घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नसे. मी म्हटलं, "हो."

"मग आज घे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी मागच्या खांबाजवळ बसले नाही. वेळ आल्यावर बाळ यजमानांच्या हातात दिलं आणि सगळ्यांबरोबर पुढे जाऊन वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. कठड्यावर लांबच लांब पांढरं कापड अंथरलेलं असे आणि आपण दोन्ही हात त्याच्याखाली झाकून घ्यायचे, अशी रीत होती. मी हात आत घेतले. ज्या हातांनी कितीतरी बाळं या जगात आणली आणि ज्या हातांनी त्या दिवशी शेंगा सोलल्या, ते दोन्ही हात कापडाखाली झाकले गेले; त्यांनी आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फादर एकेकाला देत माझ्याकडे येत होते. क्षमा मिळवायची नसते, घ्यायची असते, एवढं मला त्या कठड्यापाशी कळलं. मागे कुठेतरी बाळ रडू लागलं, यजमान त्याला थोपटत असल्याचा आवाज आला. फादर माझ्यासमोर थांबले. मी डोळे मिटले आणि घास भरवायला कुणी आलं की लहान मूल करतं तसं तोंड उघडलं.